तयार सरकी

"विचारलं तेवढंच सांगजो. मालकाची चूक दिसली तं डोये मिटजो, पन तोंड उघडू नोको."

झुंबरबाईंचं हे बोलणं कोकिळेच्या मागोमाग कापसाच्या जिनिंगच्या फाटकापर्यंत आलं. सासूबाईंनी ते सकाळी भाकर थापताना एकदा सांगितलं, भाकर उलटताना एकदा, आणि सून पायरी उतरली तेव्हा, वाटेला लागणाऱ्याच्या पदरात शिदोरी बांधावी तसं, आणखी एकदा. पहिल्या वेळी कोकिळेला उत्तरच देता आलं नाही. तुळशीला पाणी घालून अंगणात मूठभर ज्वारी टाकायची आणि पहिली चिमणी दाणा टिपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा माहेरापासूनचा नेम. त्या दिवशी चिमण्या उशिरा आल्या. नंतर मात्र तिनं नीट मान हलवली.

सासूच्या सांगण्याला कारण होतं. दोन वर्षांमागं कोकिळा नांदुऱ्यातल्याच दुसऱ्या एका जिनात कापूस निवडायला जायची. तिथला मुकादम ओला कापूस कोरड्या गंजीत टाकायला लावत होता. चाळीस बायांच्या देखत ती त्याला म्हणाली, "मुकादम, हे गंजी आतून काई पडन." दुसऱ्या दिवशी तिला फाटकातूनच परत लावलं. आठ दिवसांनी गंजी आतून काळी पडली, ते तिला बाजारात कळलं. "खरी ठरली तं ठरली," झुंबरबाई म्हणत, "पन घरी बसून ठरली."

आता महादेवराव देशमुखांच्या जिनिंगला मुकादमीण हवी होती. हंगामातलं चार महिन्यांचं काम नव्हे, बारमाही. कोकिळेचा नवरा निवृत्ती, त्याच्या दोन्ही डोळ्यांत वडस वाढून दिसेनासं झाल्याला दोन वर्षं झाली होती. तो घरी चाचपडत दोर वळायचा. हे काम मिळालं नाही तर वैशाख संपायच्या आत बिऱ्हाड मोडून लोणारला दिराच्या दारात जाऊन उभं राहणं आलं. आणि त्याच दारातून चार वर्षांपूर्वी झुंबरबाई धाकट्या सुनेशी भांडून, "या घरचं पानी पुन्हा पेनार नाई" म्हणत बाहेर पडल्या होत्या. तेव्हा चूक दिसली तरी डोळे मिटायचे, हे कोकिळेनं मनाशी घेतलं होतं. अगदी खरं घेतलं होतं.

फाटकाशी दिवाणजी उकंडराव पान लावत बसले होते. त्यांनी तिला खालून वर पाहिलं.

"तूच का वं ते ओल्या कापसावाली?"

"हाव, मीच."

"इथं समदं कोरडं हाय बाई. इथं तुह्यासाठी काय काम निघन, मले तं दिसत नाई."

"मालक पाहतीन ना," कोकिळा हळूच म्हणाली आणि पदर सारखा करून कचेरीच्या पायऱ्या चढली.

महादेवराव चाळिशीतले, चष्मेवाले. नागपूरला दोन वर्षं कॉलेजात काढून आलेले, म्हणून बोलणं पुस्तकी. भिंतीशी एका फळीवर शेतकी खात्याची पत्रकं सालवार लावून ठेवलेली, आणि टेबलावर काचेच्या बरणीत पांढराशुभ्र कापूस. बोलता बोलता ते त्या बरणीवर मायेनं हात ठेवत.

गाव, माहेर विचारून त्यांनी एका सुपात कापूस ओतून दिला. "निवडून दाखव."

कोकिळा खाली बसली. पातेरा वेगळा, पिवळी पडलेली कवडी वेगळी, चांगला वेगळा. हात बोलत होते, ती गप्प होती. महादेवराव घड्याळ काढून बसले होते. त्यांनी ते परत खिशात ठेवलं.

"हाताखाली बारा बाया असतील. त्यातली एखादी भांडखोर निघाली तर काय करशील?"

"तिले माह्या जवळ बसवीन."

"जवळ? लांब बसवायला हवी."

"लांबून भांडन वाढते, मालक. जवळ असली म्हंजे बोलनं होते."

महादेवराव हसले. मग त्यांनी बरणी उचलून तिच्या हातात दिली. "आणि हा बघ. अस्सल बनी. असा लांब धाग्याचा कापूस आता जिल्ह्यात कुणाकडे उरला नाही. आमच्या वडलांनी जपून ठेवलाय."

कोकिळेनं झाकण काढून दोन बोटांत धागा ओढला. बनी नव्हता तो. निम्मा तरी साधा, आखूड धाग्याचा. वर्षानुवर्षं कुणी तरी बरणी झाडताना सांडलेला आणि हाताला येईल तो परत भरलेला असावा. तिनं झाकण लावून बरणी होती तशी ठेवली.

"लय पांढरा हाय," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. बरणीतला कापूस पेरायचा नव्हता, विकायचा नव्हता. एका मुलाला वडलांची आठवण म्हणून तो पुरेसा होता. असल्या चुकीला हात लावला तर हाती माणसाचं दुखरं मनच येतं. सासूबाईंचं सांगणं इथं ठीक बसलं, आणि कोकिळेला बरं वाटलं.

"चल, तुला तुझं काम दाखवतो," महादेवराव उठले.

कचेरीमागं मोकळं आवार होतं. हंगाम सरल्यामुळं यंत्रं थंड होती. पण एका हौदात शेणकाला कालवलेला होता आणि सात-आठ बाया त्यात सरकी, कापसाचं बी, टाकून दोन्ही हातांनी चोळत होत्या. चोळलेली सरकी तरटांवर पसरली होती, आणि दुसऱ्या बाजूला वरून जरा सुकलेली दिसली की पोत्यात भरली जात होती. गोदामात भिंतीपासून आढ्यापर्यंत पोती रचलेली होती.

"आपल्या शेतकऱ्याची अडचण काय आहे," महादेवराव सांगू लागले. त्यांचा आवाजच बदलला. बरणीवर हात ठेवताना होता तसा झाला. "सरकीला लव असते. एकीला एक चिकटते, पेरायच्या सरत्याच्या नळीत अडकते. म्हणून पेरताना ती शेणात चोळावी लागते. ऐन मृगाच्या घाईत हे काम कुणी करायचं? मी म्हटलं, ते आपणच करून द्यावं. शेतकऱ्यानं पोतं न्यायचं, तोंड सोडायचं, पेरायचं. तयार सरकी. सबंध वऱ्हाडात हे अजून कुणी केलेलं नाही."

कुणी केलं नाही, हे खरंच होतं. कोकिळा पोत्यांकडे पाहत राहिली. तिच्या नाकाला आंबूस वास आला. कणीक ओली राहून दुसऱ्या दिवशी यावा तसा.

माहेरी, लोणारकडच्या खेड्यात, मृगाच्या तोंडावर आई आणि चुलत्या ओसरीवर बसून सरकी चोळत. शेण, वर थोडी राख. पण ते कधी? पेरायच्या आदल्या सांजेला. आज चोळली की उद्या मातीत. सरकी चोळणं हे बायांचं काम, सरता धरणंही बायांचं. पुरुषांना एवढंच ठाऊक की शेण लावलं की सरकी सुटी होते. ते सकाळी तयार टोपली उचलत. टोपली कधी तयार झाली, हे विचारायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. आणि महादेवरावांनी तर टोपलीही उचललेली नसणार. हौदावरच्या बायांना ठाऊक होतं. कोकिळेनं एकीकडे पाहिलं तर तिनं मान खाली घातली आणि हात जास्त जोरानं चालवले.

"किती दिवस झाले मालक, चोळून ठेवता त्याले?" एवढं ती विचारून गेली.

"अक्षय तृतीयेला मुहूर्त केला. आज सोळावा दिवस. साठ पोती झाली." त्यांनी अभिमानानं पाहिलं. "हेच तुझं काम. रोज पाच पोती निघाली पाहिजेत."

कोकिळेनं जवळच्या एका पोत्याला तळवा लावून पाहिला. बरणीतली चूक बरणीतच राहणारी होती. ही चूक पोत्यात बसून गावोगाव जायची होती. मृगात पेरणी केली, उगवलंच नाही, दुबार पेरायला बी नाही आणि वापसा हातचा गेला, म्हणजे त्या घराचं वर्ष गेलं. पण बोलायचं कसं, कधी? मागच्या खेपेला आपण चाळीस जणींच्या देखत बोललो, तिथं चुकलो, असं तिला आता स्पष्ट वाटलं. बोललो हे चुकलं नव्हतं, चव्हाट्यावर बोललो हे चुकलं होतं. कचेरीत परत गेलो की मालक एकटे असतील. तेव्हा सांगू. काम देतील न देतील.

तिनं हे ठरवलं न ठरवलं तोच आवारात एक बैलगाडी शिरली.

"सलाम, महादेवराव. पोते तयार हायेत ना? बैल उन्हात हायेत माहे."

गाडीवरून उतरलेला म्हातारा म्हणजे फकीर मोहम्मद. दोन कोसांवरच्या एका खेड्यातला शेतकरी. आपल्या आणि शेजारपाजारच्या मिळून चौदा घरांची सरकी तो दरसाल इथूनच नेई.

"या फकीरभाई. आठ पोती तुमच्या नावानं काढून ठेवली आहेत. तयार सरकी."

फकीर मोहम्मदनं पोत्याचं तोंड सोडून मूठभर सरकी काढली, हुंगली, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शेण लावून ठेवलं का आधीच? माह्या जिंदगीत पाह्यलं नाई असं."

"म्हणूनच तर." महादेवरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांची नजर कोकिळेवर थांबली. "तुम्ही माझं ऐकूच नका. ही बाई आज कामासाठी आली आहे. अजून माझं मीठ खाल्लेलं नाही तिनं. लोणारकडची शेतकऱ्याची लेक आहे. सांग गं बाई यांना, आपली सरकी कशी आहे."

हौदावरचे हात थांबले. उकंडराव पानाचा विडा गालात धरून जवळ आले.

कोकिळेला वाटलं, देवाकडं एकांत मागितला तर त्यानं दिला नाही, आणि चूप राहायची वाटही ठेवली नाही. 'लय चांगली हाय' म्हटलं की काम पदरात. ती मालकांकडे वळली.

"मालक, इथंच सांगू, का आत चालता?"

"इथंच सांग. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

उकंडरावांना खोकला आला.

"मंग मालक, तुमीच या पोत्यात हात घाला," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच, शेजारणीकडे विरजण मागावं तसा. "कोपरापर्यंत घाला."

महादेवरावांनी बाही सारून हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"गरम आहे," ते म्हणाले. मग लगेच, "असणारच. वैशाख आहे."

"पोतं सावलीत हाय, मालक. भितीले हात लावा, भित गार हाय." ती जरा थांबली. "सरकीत जीव रायते. निजलेला. वल लागली की तो जागा होते. जागा झाला की त्याले माती पायजे. पोत्यात कोंडला तं उबते, अन मरते. शेन आमीबी लावतो. पन पेरायच्या आदल्या सांजेले."

 मग उकंडराव हसले. "मालक, म्या पाह्यलं तवाच ओळखलं. हे तेच ओल्या कापसावाली."

"बाई," महादेवरावांनी हात बाहेर काढला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी चार वर्षं शेतकीची पत्रकं वाचतो आहे. पोत्याला वारा लागतो. तू इथं काम मागायला आली आहेस, की मला शिकवायला?"

"काम मागायलेच आली, मालक. तुमी विचारलं म्हनून इथं सांगतलं. नसतं विचारलं तं आत येऊन सांगतलं असतं. पन सांगतलं असतं."

तिनं वाकून फकीर मोहम्मदनं सोडलेलं पोत्याचं तोंड परत बांधलं. 

फकीर मोहम्मदनं दाढीवरून हात फिरवला. "आता मी काय करू? बाई म्हणते मेली, तुमी म्हणता जित्ती. मी तुमच्या वडलांपासून इथंच येतो, महादेवराव. चौदा घरं माह्या भरोशावर हायेत."

"तुम्ही माझ्या शब्दावर पोती न्या, फकीरभाई." महादेवरावांचा आवाज चढला होता. "ही सरकी मेलेली निघाली तर दुसरी पोती घेऊन मी तुमच्या दारात येईन. माणूस पाठवणार नाही. मी स्वतः येईन."

"बस. जबान झाली." म्हाताऱ्यानं गाडीवानाला खूण केली. पोती चढली. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत महादेवराव तिकडेच पाहत उभे होते.

"मिरगाले अजून येळ हाय," कोकिळा म्हणाली. "पाच दिवसांचं काम हाय, मालक. वीस दाने या पोत्यातले घ्या, वीस दाने शेन न लावलेले. दोन वल्या फडक्यांत बांधून ठेवा. काय ते दिसन."

"माझीच परीक्षा?"

"सरकीची, मालक. तुमची कायले?"

त्यांनी स्वतःच्या हातानं दाणे काढले, तिला हात लावू दिला नाही. तीन वेगवेगळ्या पोत्यांतून वीस, आणि पलीकडच्या गोदामातल्या कोरड्या ढिगातून वीस. उकंडरावांकडून पंचाचे दोन तुकडे फाडून घेतले, एकाला गाठ मारली, एकाला दोन. दोन्ही पुरचुंड्या भिजवून कचेरीतल्या माठाच्या तिवईवर ठेवल्या.

"सहाव्या दिवशी सकाळी ये. तुझ्या कामाचं तेव्हाच ठरेल. आणि शेणातली उगवली, तर या फाटकात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"नाई टाकनार," कोकिळा म्हणाली.

घरी झुंबरबाई दारातच होत्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बोलली ना?"

"विचारलं तेवढंच बोलली. तुमीच म्हने, विचारलं तेवढं सांगजो. त्यायनं विचारलं."

"कोनं?"

"मालकानं. पुऱ्या जिनासमोर."

झुंबरबाईंनी पदर खोचला. आपलंच वाक्य आपल्यावर उलटलं की माणसाला दुसरं वाक्य शोधायला वेळ लागतो. मग त्या म्हणाल्या, "बांध बोचकं. लोनारले धाकटी वाटच पाहून राह्यली आसन." आणि खरोखरच फडताळातली भांडी उतरवायला लागल्या.

निवृत्ती ओसरीवर दोर वळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गरम होतं का आत?"

"तापल्या लेकराच्या कपायासारखं."

"मंग मेली," तो म्हणाला आणि पुढचा पीळ घातला.

त्यालाही खात्री, तिलाही. तरी ते पाच दिवस कोकिळेला सोपे गेले नाहीत. तिला भीती वाटली नाही. अडचण वेगळीच झाली. रोज सकाळी तुळशीपुढं हात जोडले की मागायचं काय, हेच तिला सुचेना. माझं खरं ठरू दे म्हणावं, तर त्याचा अर्थ सरकी मरू दे. साठ पोत्यांतला जीव मरू दे, आणि त्या म्हाताऱ्याच्या चौदा घरांच्या हातात मेलेलं बी असू दे. आपल्या पोटासाठी असं मागणं तुळशीपुढं कसं मागायचं? उगवू दे म्हणावं, तर लोणारची वाट. दोन दिवस ती नुसतीच हात जोडून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, आपण सांगायचं होतं ते सांगून चुकलो. आता सरकीत जे असेल ते असेल. ती म्हणाली, "जे असन ते दिसू दे, माय." त्यानंतर तिला झोप लागली.

सहाव्या दिवशी नेम आटोपून ती निघाली तेव्हा झुंबरबाईंनी काही सांगितलं नाही. नुसतं तिच्या पदराला लागलेलं पीठ झटकलं.

फाटकाशी उकंडराव होतेच. आज त्यांनी पान लावलेलं नव्हतं.

"ये बाई. आमच्या मालकानं तं व्रतच धरलं पाच दिवस. रोज सकायी येते, अंगोळ करून येते बरं का, अन सोताच्या हातानं त्या पुरचुंड्यायवर पानी शिंपडते. मले हात लावू देत नाई. म्हनते, उकंडराव, तुमी एकादी गाठ बदलून टाकसान."

"मंग तुमी टाकली असती?"

उकंडरावांनी विचार केला. "टाकली असती," ते म्हणाले. "मालकाचा जीव लय हाय त्या सरकीत."

कचेरीत महादेवराव तिवईजवळ उभे होते. तिला पाहून त्यांनी काही न बोलता एका गाठीची पुरचुंडी सोडली. कोरड्या ढिगातली सरकी. टेबलावर पसरताच टरफलं फोडून निघालेले पांढरे, बोटभर कोंब दिसले. त्यांनी मोजले. सतरा.

मग दोन गाठींची सोडली. वास आधी आला. दाणे बुळबुळीत झाले होते. बोटानं दाबले की आतून तपकिरी पाणी निघत होतं. चार दाण्यांना कोंब होते, तेही खुरटे. महादेवरावांनी एकदा मोजले, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजले. चारच.

"फडकं वायलं आसन मालक," उकंडराव दारातून म्हणाले. "उन्हाया हाय."

"नाही वाळलं, उकंडराव. पाणी मीच घालत होतो."

कोकिळा खाली मान घालून उभी होती. तिला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. माणूस चार वर्षं पत्रकं वाचतो, लोकांची दगदग वाचावी म्हणून काही करायला जातो, आणि हाती हे येतं. त्यांची कल्पना वाईट नव्हती. फक्त विचारायचं कुणाला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"हौदावरच्या बायांना ठाऊक होतं?" महादेवरावांनी विचारलं.

"हाव."

"मग कुणी बोललं का नाही?"

"त्यायले विचारलं नाई कोनं. अन बोलली म्हनून घरी बसलेली एक बाई त्यायनं पाह्यली होती."

महादेवराव खुर्चीत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "गोदामातल्या पोत्यांचं काय करता येईल?"

"काईच नाई, मालक. गड्डा करून खतात घाला. ढोरालेबी देऊ नोका, शेन लागलं हाय."

"सगळी?"

"समदी. पन कोरडा ढीग चांगला हाय. त्यातली तशीच भरून द्या. तुमाले लोकायची दगदग वाचवायची हाय ना, तं मिरगाच्या आठ दिवसांत या बाया गावोगाव पाठवा. आदल्या सांजेले जाऊन चोयून देतीन. हौदाची गरज नाई."

त्यांनी मान वर केली. मगाचा पडलेला चेहरा जरा उजळला, आणि लगेच सावरला. "हे त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी तुमाले आयकू आलं नसतं."

उकंडराव बाहेर तोंड फिरवून उभे राहिले. महादेवराव मात्र रागावले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून गोदामांच्या किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्यापुढं ठेवला.

"घ्या. आजपासून. दोन्ही गोदामं तुमच्याकडे."

'तुमच्याकडे' हा शब्द कोकिळेनं ऐकला, आणि दाराशी उकंडरावांनीही. तिनं किल्ल्या कपाळाला लावून कमरेला खोचल्या.

"एक मात्र आहे, बाई. माझी चूक दिसली तर पुन्हा सांगायची. पण आत येऊन."

"तुमी चव्हाट्यावर इचारू नोका, मालक. मी आत येऊनच सांगन."

ते हसले नाहीत, पण मान हलवली. मग उठले, खुंटीवरचा रुमाल काढून डोक्याला बांधू लागले.

"उकंडराव, गाडी जुंपायला सांगा. आठ पोती कोरडी भरून चढवा. बाई, तुम्ही बघून द्या."

कोकिळेनं पोती स्वतः उघडून पाहिली. प्रत्येकात हात घातला, कोपरापर्यंत. आठही गार होती. हौदावरच्या बाया न सांगता उठून पोती शिवायला लागल्या, त्यातली एक हळूच म्हणाली, "बरं केलं वं माय." कोकिळेनं तिला दाभण दिलं.

गाडी भरून झाली तेव्हा ऊन चढलं होतं. महादेवराव बाहेर आले.

"मालक, तुमी कायले जाता?" उकंडराव म्हणाले. "मी जातो ना. त्या बुढ्याले काय, पोते भेटल्याशी मतलब. अन बाजारातून तुमी असे पोत्यायच्या गाडीवर बसून जासान तं लोक काय म्हनतीन? त्यापरीस सांजेले, ऊन उतरल्यावर, बसायची दमनी जुंपू."

"शब्द मी दिलाय, उकंडराव. तुम्ही नाही."

ते चाकावर पाय देऊन चढले आणि गाडीवानाशेजारी पोत्याला टेकून बसले. आणखी कुणाला काही सांगितलं नाही. गाडीवानानं कासरा सैल सोडला, आणि गाडी फाटकातून निघून बाजाराच्या रस्त्याला लागली.